गावच्या व्यायामशाळेचं कुलूप रोज कोणी उघडायचं?

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

आमच्या गावात समाजभवन आहे. खाली व्यायामशाळा, वर वाचनालय, समोर पटांगण. मार्च २०२० च्या आधी संध्याकाळी तिथे जागा मिळायची नाही. आत पोरं जोर-बैठका काढायची, पटांगणात व्हॉलीबॉल, वर म्हातारी मंडळी पेपर वाचत बसायची, गुरुवारी भजनी मंडळ. टाळेबंदीत तिथे विलगीकरण कक्ष झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट आपल्या जिल्ह्यात आधी आली, तेव्हा पुन्हा खाटा पडल्या. नंतर खाटा गेल्या, कुलूप मात्र राहिलं.

आता ग्रामपंचायतीपुढे प्रस्ताव आहे की इमारत एका भरती अकॅडमीला महिन्याच्या भाड्याने द्यावी. पोलीस भरतीची तयारी ते करून घेतील, मुलांकडून फी घेतील. मधल्या तारखांना लग्नं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय येतोय आणि माझा त्याला ठाम विरोध आहे.

कारण दिलं जातं की कोरोनानंतर लोकांची सवय मोडली, सगळे मोबाईलमध्ये गेले. मला हे पटत नाही. लोक आले तेव्हा दार बंद होतं. चावी ग्रामपंचायतीत, ग्रामपंचायत संध्याकाळी बंद, आणि माणूस वावरातून घरी येतो सात वाजता. दोनदा कुलूप पाहून परतलेला माणूस तिसऱ्यांदा कशाला येईल? परवा मी आत जाऊन पाहिलं. छत गळतं, पावसाचं पाणी फरशीवर साचून राहतं, त्यामुळे वजनाच्या लोखंडी प्लेटा गंजून फरशीला चिकटल्यात. वरच्या कपाटाला वाळवी लागली आहे आणि खालच्या कप्प्यातली पुस्तकं हातात घेतली की पानांचा भुगा होतो.

हे का झालं ते समजून घ्या. केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले. उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे, पण त्यातून कोणाचा पगार देता येत नाही. त्यातून ग्रामपंचायत नवे डंबेल घेऊ शकते, टाइल्स बसवू शकते, चौकात खुल्या व्यायामशाळेचं साहित्य उभं करू शकते. रोज दार उघडून झाडू मारणाऱ्या माणसाला पैसे देऊ शकत नाही. वाचनालयाचं वेगळं नाही. 'ड' वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयाचं सरकारी अनुदान २०२२ च्या ६० टक्के वाढीनंतर वर्षाला ३० हजारांवरून ४८ हजार झालं. त्यातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे त्या वाढीच्या हिशेबाने ग्रंथपालाच्या हातात महिन्याला २ हजार. एवढ्यात कोण रोज येऊन बसेल?

माझं मागणं एकच आहे. घरपट्टीच्या वसुलीतून आणि लोकवर्गणीतून गावातल्याच एका माणसाला अर्धवेळ मानधन द्या. पहाटे ५ ते ७ आणि संध्याकाळी ६ ते ९ दार उघडं म्हणजे उघडं. भाड्याने दिलेली जागा पुन्हा गावाची होत नाही.

भरतीवाला पोट्टा (यवतमाळ)

दादा, तुमचं मले पटलं नाही. आमी पहाटे चारले डांबरी रोडवर धावून राहिलो, बाजूनं ट्रक जाते. पोलीस भरतीत १६०० मीटरले २० मार्क हायेत, १०० मीटरले १५, गोळ्याले १५. ७.२६ किलोचा गोळा आमच्या गावात एक बी नाही, शेजारच्या गावातून मागून आणतो. तुमचा मानधनवाला माणूस दार उघडीन, पण गोळा कसा फेकायचा ते कोण सांगीन? अकॅडमीत शिकवणारा असते. माह्या बापानं त्यासाठी पैसे द्यायची तयारी ठेवली हाय, कारण नोकरी लागली तर घर उभं राहीन. म्हातारे पेपर घरी वाचू शकतात. आमचं वय निघून चाललं. लॉकडाऊनमध्ये भरती लांबली, त्यात गेलेली वर्षं कोणी परत देणार नाही.

माजी सदस्य (पूर्णाकाठ यांच्याच गावचा)

मी ग्रामपंचायतीत होतो, म्हणून सांगतो. स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टीसारख्या ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, मानधन म्हणणं सोपं आहे. आपल्या गावात घरपट्टी किती जण वेळेवर भरतात? सोयाबीनला भाव नसला की पहिली थकते ती घरपट्टी. त्याच पैशातून शिपाई, पाणीपुरवठ्याचा माणूस आणि पथदिवे सांभाळायचे असतात. मानधन सुरुवातीचे तीन-चार महिने निघेल, मग थकेल, मग तो माणूस येणं बंद करेल आणि तुमचं कुलूप तिथल्या तिथे. लोकवर्गणीचंही तसंच, मंदिराच्या सप्त्याला लोक सढळ हाताने देतात, व्यायामशाळेला देत नाहीत, हे मी पावतीपुस्तक घेऊन फिरून पाहिलं आहे.

अकॅडमीचं भाडं दर महिन्याला येणार. त्यातून छत दुरुस्त होईल. गळकं छत ठेवून कसलं वाचनालय चालवता? इमारत पडली तर तुमचा सार्वजनिक हक्क कशावर राहणार, तेवढं सांगा.

बचतगटातली ताई (वाशीम)

दोन्ही बाजू वाचल्या. दोन्हींत बायका नाहीत.

आमच्या गावात चौकात खुली व्यायामशाळा आहे, पानठेल्याच्या समोर. तिथे कोण बाई हातपाय हलवणार? टाळेबंदीत आमच्या गटाने समाजमंदिरात मशीन मांडून मास्क शिवले, तेव्हा चावी आमच्याजवळ होती. काम संपलं, चावी परत घेतली. आम्ही आठवड्यातून दोन दुपारी मागितल्या, पोरींना कबड्डी खेळायला आणि आम्हाला बसाउठायला. उत्तर आलं, बघू. आत धड संडास नाही, असलेल्याला कडी नाही. लोक परत यावेत असं खरंच वाटत असेल तर आधी ते करा. त्याला अबंधित निधी चालतो.

आणि मानधन द्यायचंच तर बाईला द्या. पहाटे पाचला बाई कशी येईल, असं कोणी विचारू नका. पहाटे चारला उठून डबे आम्हीच करतो.

आणखी एक. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. तुमच्या गावात ती झाली का?

झाडीपट्टीकर (देसाईगंज)

सवय मोडली यावर माझाही विश्वास नाही. आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी ते होळी नाटकाचा हंगाम. २०२०-२१ मध्ये कोरोनाने तो खाल्ला, कलाकार मजुरीला गेले. पण बंधनं उठल्यावर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या रात्री लोक पुन्हा थंडीत शेकोट्या करून, तिकीट काढून बसले. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गावोगावी आनंद झाला, कारण ही रंगभूमी लोकांनीच जगवली आहे. नाटक गावचं मंडळ आणतं, तिकीट तेच विकतं, हिशेब तेच ठेवतं. पोरांकडे जबाबदारी असते म्हणून पोरं येतात.

त्यामुळे थोडी फी असायला माझी हरकत नाही. फुकट ठेवण्यापेक्षा गावच्या मंडळाने फी घ्यावी, पावती द्यावी, हिशेब फळ्यावर लिहावा. कंत्राटदाराला देणं आणि मंडळाला देणं यात फार फरक आहे.

माजी सदस्य

नाटक वर्षातून एका रात्री असतं. व्यायामशाळा रोज उघडावी लागते. हा हिशेब जुळत नाही.

वेचणीवाला (अकोट)

वेळापत्रकाचं बोला. संध्याकाळी ६ ते ९ कोणासाठी? नोव्हेंबरपासून कापसाचा वेचा, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाईन रात्रीची, आणि रानडुकरांसाठी जागलीला जावंच लागते. त्या महिन्यांत हजेरी पाहाल तर म्हणाल लोकांना नकोच आहे. एप्रिल-मे मध्ये पहा, पटांगण पुरत नाही. फी सुद्धा महिन्याची ठेवू नका. कापूस विकला की शेतकऱ्याच्या हातात पैसा असतो, तेव्हा वर्षाची एकदम घ्या. जूनमध्ये बियाण्याची सोय करताना व्यायामशाळेचे पन्नास रुपयेही जड जातात.

पूर्णाकाठ

वेचणीवाल्यांचा मुद्दा मी घेतो. वर्षाची फी, कापसानंतर. ताईंचाही घेतो: संडास आणि कडी आधी, आणि दोन दुपारी फक्त महिलांच्या. महिला सभा आमच्याकडे झालेली नाही. मी लेखी मागणी करतो. मानधन बचतगटाला द्यायला माझी पूर्ण तयारी आहे.

भरतीवाल्या भावा, तुझी घाई मला कळते. पण अकॅडमीची फी देऊ शकणाराच आत येईल आणि ज्याचा बाप मजुरीला जातो तो डांबरी रोडवरच धावत राहील. तुला शिकवणारा हवा, हे बरोबर आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, तिथून शिकून आलेले शिक्षक आपल्या तालुक्यांतल्या शाळांत आहेत. गावाने बोलावलं तर सुट्टीच्या दिवशी येणारे निघतील. गोळा तर अबंधित निधीतूनच येतो, उद्या घेता येतो.

माजी सदस्यांशी माझं जमत नाही ते एका गोष्टीवर. भाड्यातून छत दुरुस्त होईल म्हणता, पण छताची दुरुस्ती निधीतून होते. त्यासाठी जागा द्यायची गरज नाही. अडलंय ते माणसाच्या पगारावर, आणि ते काम आपलं आहे.

भरतीवाला पोट्टा

शिक्षक खरंच आले तर मी बी वर्गणी देतो. पण पाऊस पडला, शिक्षक नाही आला, दार उघडलं नाही असं झालं तर आमी अकॅडमीत जाऊ. आमच्यापाशी वाट पाहायले वेळ नाही.

माजी सदस्य

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. मागच्या सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, तेव्हा मोजक्या माणसांनी हात वर केले की ठराव होतो. तुम्ही शंभर माणसं बसवा. मानधनाचा आकडा, वर्षाच्या फीचा अंदाज आणि थकल्यास कोण भरणार त्यांची नावं कागदावर आणा. तोंडी योजनेला मी हात वर करणार नाही. कागद आणलात तर अकॅडमीचा प्रस्ताव एक वर्ष पुढे ढकलायला मी स्वतः सुचवेन.