मदत हवी आहे: २६ इंची डर्ट जंप (मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारायच्या) सायकलला मागे १५ दातांचा कॉग (मागचं दातेरी चक्र) की १६?

मी इंदूरला असतो. सिंगल स्पीड डर्ट जंप, २६ इंची चाकं, क्रँक (पायडलचा दांडा) १७० मिमी, पुढे ३२ दात. बायपासजवळच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही काळ्या मातीचे उंचवटे घातलेत. पळायला जागा जेमतेम २० मीटर, आणि माती भुसभुशीत.

मागे १४ होता (पुढचे भागिले मागचे दात, २.२९). जागेवरून उचलताना गुडघ्यांवर ताण यायचा, पहिल्या जंपपर्यंत वेगच भरेना. मग १८ लावला (१.७८). उठाव मस्त, पण निम्म्या वाटेतच पायडल रिकामं फिरतं. शिवाय राऊहून सात-आठ किलोमीटर सायकलनंच येतो, तिथे तर जीव जातो.

भावाच्या २० इंची बीएमएक्सला २५/९ आहे, म्हणजे साधारण ५५.६ गिअर इंच (दातांचं गुणोत्तर गुणिले चाकाचे इंच). ती मला अगदी बरोबर वाटते. त्या हिशेबानं माझ्याकडे ३२/१५ (५५.५) जुळतो. पण बहुतेक जण ३२/१६, म्हणजे ५२, सांगतात.

हब कॅसेटचा आहे, कोणताही कॉग बसेल. ड्रॉपआउट (मागचं चाक बसायच्या खाचा) आडवे, चाक मागेपुढे सरकवून चेन जुळवून घेईन. चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) मात्र बदलायची नाही. कॉग बाहेरून मागवावा लागतो, म्हणून एकच घेणार.

जड २६ इंची चाकाला गिअर इंच बीएमएक्सइतकेच ठेवले तर सुरुवात जड जाते का? दोन्ही चालवलेल्यांनी सांगा, १५ घेऊ की १६?