मदत हवी आहे: फ्लॅक आणि डीएसएफ फाइल्समध्ये राग-तालाचे टॅग

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून विचारतोय. विकत घेऊन डाउनलोड केलेलं ख्यालगायन आहे; काही फाइल्स २४ बिट/९६ किलोहर्ट्झ फ्लॅक, काही डीएसएफ (दोन्ही उच्च दर्जाच्या ध्वनिफाइल्सचे प्रकार). एमपीथ्रीटॅग या टॅग (फाइलमध्येच साठवलेली गाण्याची माहिती) भरायच्या प्रोग्रॅममध्ये राग आणि ताल अशी स्वतंत्र फील्ड्स केली (नावं रोमन लिपीत, मजकूर देवनागरीत). विंडोज कॉम्प्युटरवर दोन्हींत नीट दिसतं. खिशातला प्लेअर मात्र ती फील्ड्स वाचतच नाही. शीर्षक, कलाकार, अल्बम, जॉनर, संगीतकार एवढंच दाखवतो. देवनागरी अक्षरं बरोबर उमटतात. ऑनलाइन माहितीवरून आपोआप टॅग भरणाऱ्या पिकार्ड प्रोग्रॅमला हे अल्बम सापडले नाहीत.

डीएसएफचं फ्लॅक करायचं नाही, कारण त्यात आवाज साठवायची पद्धतच बदलते (डीएसडीचं पीसीएम होतं). संगीतकाराच्या जागी बंदिशकाराचंच नाव हवं, तिथे तडजोड नाही.

प्लेअरवर रागानुसार यादी लागायला हवी. मग जॉनरमध्ये ‘ख्याल’ऐवजी थेट ‘यमन’, ‘बिहाग’ लिहायचं का? आणि आधीच भरलेल्या फील्डमधला राग सगळ्या फाइल्सच्या जॉनरमध्ये एकदम कसा उतरवायचा?