काळ्या द्राक्षांचा रस कडू झाला, आणि बाटलीत काच?

गिरगावकरीण:
शनिवारी भुलेश्वरला बियांची काळी द्राक्षं मिळाली, साल सुटी असलेली, जरा आंबटसर. दोन किलो आणली. धुतली, मिक्सरमध्ये फिरवली, गाळली. रंग बरा आला, पण घोट घेतला तर जिभेला मिठी बसली, जांभूळ खाल्ल्यासारखी. साखर घालून घालून चार चमच्यांवर गेले, तरी कडवटपणा तसाच.

बरं, ते एक. तो रस काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवला होता. आज तिसऱ्या दिवशी तळाशी बारीक, चकचकीत, टोकदार खडे. सासूबाईंनी बोटावर घेऊन पाहिले आणि जाहीर केलं की बाटलीला तडा गेलाय, मोरीत ओता. बाटली धड आहे, मी तीनदा पाहिली. हे काय असेल? दोन किलोंचा रस ओतायला हात धजत नाही.

अर्धाकप:
मिक्सरने बिया फुटल्या. कडवट, तुरट जे काही आहे ते बियांमधलं.

तासगावची_लेक:
गिरगावकरीण, ओतू नका हो! ती काच नाही. द्राक्षात टार्टरिक आम्ल असतं, रस गार झाला की त्याचा क्षार तळाशी बसतो. केकवाले क्रीम ऑफ टार्टर म्हणतात ते हेच. खात्री हवी तर थोडे खडे निथळून अर्धा कप उकळत्या पाण्यात टाकून ढवळा. विरघळले तर क्षार, काच काही विरघळणार नाही.

माझं माहेर तासगावचं, पण तिकडे सगळा जीव बेदाण्यात. रस करायला मी शिकले ती लग्नानंतर, परळच्या दीड खोलीत. सांगते. देठ सगळे काढायचे, हिरवी काडीसुद्धा कडवटपणा देते. स्टीलच्या पातेल्यात (अॅल्युमिनियम नको, पितळ तर नकोच, रस आंबट असतो) किलोला वाटीभर पाणी घालून पावभाजीच्या मॅशरने नुसती दाबायची. साल फुटली की बास. मग मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं. खळखळ उकळायचं नाही, वाफ यायला लागली की आच आणखी कमी. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो, तो गरम झाल्यावर सुटतो. तुम्हाला मिक्सरमध्ये मिळाला त्याच्या दुप्पट गडद येईल.

गार झालं की ओल्या पंचात बांधून टांगा, चक्का टांगतो तसं. पिळायचं नाही. मला धीर नव्हता तेव्हा पिळायचे, रस गढूळ व्हायचा आणि पंचाही जायचा, तो डाग काही निघत नाही. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी वरचा रस हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओतायचा, खडे मागे राहतात.

पुरणपोळी_प्रेमी:
टांगायचं कशाला? पुरणयंत्रातून काढा, पाच मिनिटांचं काम.

तासगावची_लेक:
काढून पाहिलंय. बिया खरवडल्या जातात, पुन्हा तोच तुरटपणा. बिनबियांची शरद वगैरे असतील तर खुशाल काढा.

मालाडचा_एकटा:
हिरव्या द्राक्षांना पण हेच? मी परवा सोनाकाचा रस केला, कपडे वाळत घालून येईपर्यंत चहासारखा तपकिरी.

अर्धाकप:
कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच. चिरडल्यावर लगेच गरम करा, लिंबू पिळा. चवीला मात्र फिकाच, हिरवी द्राक्षं खायलाच बरी.

मालाडचा_एकटा:
आणि एक कबुली. कच्चा रस बूच घट्ट लावून ओट्यावर विसरलो होतो, मार्च महिना. तिसऱ्या रात्री दोन वाजता बूच छताला. सालीवरचं यीस्ट म्हणे. भिंतीवर अजून खुणा आहेत, घरमालकाला अजून दाखवलेल्या नाहीत.

तासगावची_लेक:
कच्चा रस फ्रीजमध्येसुद्धा दोन दिवसांत संपवा. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. सरबताला एकेक खडा पुरतो, वर काळं मीठ.

गिरगावकरीण:
उकळत्या पाण्यात टाकले, विरघळले! सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पेला घेतला, भरला, प्यायल्या. मग म्हणाल्या, "काच नसेल, पण कडूच आहे."