उत्तर: रंग येत नाही म्हणून सोया वाढवू नका

वर कुणीतरी लिहिलंय की घरच्या नूडल्सला गाडीवरचा काळपट रंग येईपर्यंत सोया सॉस ओतत राहायचा. नका हो, खारट ढोण होतं. मी दोन वर्षं तेच करत होते. मग बेळगावच्या टिळकवाडीत एका गाडीवर नीट बघत उभी राहिले, तर त्याच्याकडे दोन बाटल्या! लाइट सोया मिठासाठी आणि डार्क फक्त रंगासाठी. डार्क दाट, किंचित गोडसर असतो, दोघांच्या नूडल्सला एक चहाचा चमचा पुरतो. तोही नूडल्सवर नाही, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडायचा. चर्र होऊन वास सुटतो, तोच तो ‘गाडीचा’ वास. बाकी मीठ शेवटी, चव बघूनच.

बाटली घेताना किमतीपेक्षा मागची यादी वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल तर तो बहुधा आंबवून केलेला, त्याला महिनोन्‌महिने लागतात. हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन आणि कॅरेमल रंग (क्रमांक १५०) दिसला, तर तो आम्लाने काही दिवसांत उरकलेला. गाडीवर बहुतेक हाच, खोटं कशाला बोला, शेजवानच्या तिखटात फरक कळतही नाही. साध्या हक्का नूडल्समध्ये मात्र लगेच कळतो. आणि शेजवान चटणीला बाजारची पाकिटं कशाला? आपल्याकडे ब्याडगी आणि संकेश्वरी दोन्ही मिरच्या मिळतात की! ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, गरम पाण्यात भिजवून भरपूर लसणाबरोबर वाटायची.