माउसमूव्हला थ्रॉटल लावायचा का नाही? भावाचा ग्राफ लटकायलाय

लातूरवाला:
एका आडत्यासाठी सोयाबीनच्या रोजच्या भावाचा ग्राफ बनवलाय, पॉइंटर रेषेवर फिरवला की त्या दिवसाचा भाव छोट्या डब्यात दिसतो. माझ्या लॅपटॉपवर मस्त पळतो, पण आडतीवरच्या जुन्या पीसीवर डबा पॉइंटरच्या मागं लंगडत यायलाय. सिनियर म्हणला माउसमूव्हला, म्हणजे पॉइंटर हलला की ब्राउजर कोडला मारतो त्या हाकेला (इव्हेंटला), १०० मिलिसेकंदाचा थ्रॉटल लाव, तेवढ्या वेळात एकाच हाकेला ओ द्यायची. लावला, तर आता पॉइंटर झटक्यात फिरवून शुक्रवारवर थांबवला तरी डबा मंगळवारचाच भाव दाखवतो, कारण शेवटचा इव्हेंटच गिळला जातो. आडत्या म्हणतो, असा भाव सांगितला तर मला मोंढ्यात कोण उभं करंल? माझं मत साफ आहे, माउसमूव्हला थ्रॉटल ही जुनी खोड आहे, सोडा.

जालन्याचा_पाहुणा:
खोड कशाची भौ. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा जागा सांगतो, गेमिंगवाला १००० वेळा, अन् स्क्रीन रंगते ६० वेळा. सगळ्याच हाकांना ओ देत बसणार का? तुझा थ्रॉटल अर्धवट आहे, शेवटची हाक टायमरवर राखून ठेवायची असती.

लातूरवाला:
ते १००० चं जुनं झालं. क्रोमनी ६० व्या व्हर्जनपासून, म्हणजे २०१७ पासून, माउसमूव्ह फ्रेमला, म्हणजे स्क्रीनच्या एकेका रंगवणीला, बांधलाय, फ्रेममागं एकदाच येतो. मधल्या हाका पाहिजेच असतील तर पॉइंटर इव्हेंटवर गेटकोअलेस्डइव्हेंट्स आहे, पण ते सही-चित्र काढायच्या पानाला लागतं, भावाला कशाला?

नांदेडी_कोडर:
दोघं भांडायलाव अन् कोड कोणीच दाखवंना. हँडलरमध्ये, म्हणजे हाकेला ओ देणाऱ्या कोडमध्ये, गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट (माप अन् जागा विचारणारं फंक्शन) आहे का नाही? पैज लावतो, आहे. आधी डब्याचा लेफ्ट-टॉप बदलायचा अन् लगेच खालच्या ओळीत माप विचारायचं, मग ब्राउजरला अख्खा लेआउट (पानाची मांडणी) तिथल्या तिथं मांडावा लागतो, दर हाकेला. हाका ६० असल्या तरी एकेका हाकेला तू त्याला क्विंटलभराचं पोतं उचलायला लावायलास. माप पॉइंटर आत शिरताना एकदा घे, स्क्रोल-रिसाइजला परत घे, डबा ट्रान्सफॉर्मनी (मांडणी न मोडता सरकवणाऱ्या सीएसएसनी) हलव, रंगवायचं काम रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेममध्ये (पुढची फ्रेम रंगायच्या आधी चालतं ते) टाक. थ्रॉटलचं नावच निघत नाही.

गोदाकाठची:
मला वादच चुकीचा वाटायलाय. परभणीच्या मोंढ्यात कोणाच्या हातात माउस बघितला का? लोक भाव मोबाईलवर बघतात, तिथं बोट फिरवलं तर माउसमूव्ह येत नाही, टॅप केल्यावर एखादा नावापुरता येतो तेवढाच. पॉइंटरमूव्ह वापरा, माउस-बोट-पेन सगळ्याला चालतो, सफारीत पण १३ पासून आहे. अन् ग्राफला टच-ॲक्शन पॅन-वाय (ब्राउजरला फक्त उभं सरकवू देणारी सीएसएस) द्या, नाहीतर बोट सरकलं की ब्राउजर पान ओढायला घेतो, पॉइंटरकॅन्सल (बोटाच्या हाका बंद झाल्याचा इव्हेंट) येतो अन् डबा अधांतरी. माझे दोन दिवस गेले ह्याच्यात.

जालन्याचा_पाहुणा:
मोबाईलवर डबाच नको ताई, बोटाखाली झाकतो, बोट उचललं की गायब. सरळ तारीख-भावाचं टेबल टाका.

गोदाकाठची:
डबा बोटाच्या वर दाखवा ना, हाय काय अन् नाय काय! तीन महिन्याचे भाव टेबलात कोण वाचत बसणार?

लातूरवाला:
नांदेडी, पैज जिंकलास, रेक्ट तिथंच होता. बाहेर काढला, थ्रॉटल पण काढला, जुना पीसी बी पळायलाय. ताईंचं ऐकून पॉइंटरमूव्ह लावला तर आडत्यानी मोबाईलवर दोन बोटं ठेवली अन् डबा दोन्हीकडं उड्या मारायला लागला, म्हणतो, "ह्यातला कोणता भाव धरायचा?" आता इजप्रायमरी (हे पहिलं बोट का, ते सांगणारी खूण) तपासून पहिलंच बोट धरायलोय.