शेंगेनमुळे सीमा खरंच संपली का?

ऱ्हाईनकाठी: फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग आणि जर्मनीचं केल यांच्यामध्ये फक्त ऱ्हाईन नदी. २०१७ पासून स्ट्रासबुर्गची ट्राम पूल ओलांडून थेट केलला येते. ते पाहून लोक म्हणतात, जागतिकीकरणाने सीमा पुसल्या. मला हे अजिबात पटत नाही. युरोपातल्या देशांमधली सीमेवरची तपासणी उठवणाऱ्या १९८५ च्या शेंगेन कराराने सीमा पुलावरून उचलली आणि माणसाच्या पासपोर्टात नेऊन ठेवली. व्हिसा नसेल तर आपल्याला सहारच्या चेक-इन काउंटरवरच थांबवतात, कारण विनाव्हिसा प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला बसतो. आणि आत पोचल्यावरही तेच. जर्मन वर्क परमिटवरचा मराठी इंजिनिअर त्या ट्रामने फ्रान्सात फिरून येईल, पण त्या परमिटवर तिथे नोकरी धरू शकणार नाही. शेजारच्या सीटवरचा जर्मन उद्यापासून धरू शकतो.

दर्यावर्दी: असहमत. स्ट्रासबुर्ग ज्या अल्सासमध्ये येतं, तो प्रांत १८७१ ते १९४५ या काळात चार वेळा या देशाकडून त्या देशाकडे गेला. एकाच घरातल्या दोन पिढ्या वेगवेगळ्या सैन्यांत लढल्या. तिथे आज लोक रोज पलीकडे कामाला जातात, भाजी आणायला जातात. याला ‘सीमा उचलून ठेवली’ म्हणणं फार अन्यायाचं आहे. आपल्यालाही फायदा झालाच की, एका व्हिसावर २९ देश फिरता येतात.

भीमाथडी: दोघेही एक गोष्ट सोडताय. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भू-सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. करारात अशी तात्पुरती तरतूद आहेच. कुणाला आत घ्यायचं हे तिथल्या मतदारांनी ठरवायचं, त्यात गैर काय?

ऱ्हाईनकाठी: @भीमाथडी, हक्क मान्य. पण अशा तपासणीत डब्यातल्या प्रत्येकाचे कागद बघत नाहीत, निवडून बघतात. ती निवड कशावरून होते? मी काळजीने विचारतोय, कारण माझी मुलं इथेच वाढताहेत.

भीमाथडी: रंगावरून होत असेल तर ते चूकच, तिथे मी तुमच्या बाजूने. पण त्यासाठी तपासणीच नको, हे पटत नाही.

दर्यावर्दी: मार्च २०२० मध्ये महामारीमुळे जर्मनीने हीच सीमा बंद केली, तेव्हा दोन्ही काठांवर वाटलेली कुटुंबं ताटातूट होऊन बसली. सीमा मुळात गेलीच नसती, तर तिच्या परत येण्याने एवढा हाहाकार का झाला असता? @ऱ्हाईनकाठी, तुमची खरी तक्रार कामाच्या हक्काची आहे. ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे कुशल परदेशी लोकांसाठीचा युरोपीय संघाचा काम-परवाना असलेल्यांना, आता १२ महिन्यांनी दुसऱ्या देशात जाणं सोपं केलंय.

ऱ्हाईनकाठी: सोपं केलंय, पण तिथे नवा अर्ज करावाच लागतो आणि तो नाकारलाही जाऊ शकतो. जर्मन शेजाऱ्याला अर्जच नाही. आणि ब्लू कार्ड मिळतं ते ठरावीक पगाराच्या वरच्यांना. हॉटेलच्या किचनमध्ये राबणाऱ्या आपल्या माणसाचं काय, त्यावर बोला.