मदत हवी आहे - राइट क्लिकचा जुना मेन्यू कायमचा कसा आणायचा?

नमस्कार मंडळी, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून मी ११ वर आलोय. टास्कबारचे आयकॉन मधे होते, ते सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार मधे जाऊन अलाइनमेंट लेफ्ट केली की डावीकडे आले, तो प्रश्न मिटला.

पण फाइलवर राइट क्लिक केलं की छोटा मेन्यू येतो आणि मला रोज लागणारे ऑप्शन खाली 'शो मोअर ऑप्शन्स' मधे असतात. मी दिवसभर फोटोंचे फोल्डर लावत असतो, म्हणजे प्रत्येक फाइलला एक क्लिक जास्तीचा, संध्याकाळपर्यंत मनगट अक्षरशः भरून येतं हो! शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की थेट जुना मेन्यू उघडतो हे सापडलं, पण दर वेळी डावा हात कीबोर्डवर न्यायचा म्हणजे लय तुटते.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात तिथे) बदल करून हे कायमचं होतं म्हणतात. कोणी स्वतः केलंय का? मोठ्या अपडेटनंतर ते टिकतं का? काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून रिस्टोअर पॉइंट बनवून ठेवलाय, रजिस्ट्रीचा बॅकअपपण एक्स्पोर्ट केलाय. बाहेरचं सॉफ्टवेअर शक्यतो नको. स्टेप्स नीट सांगितल्या तर फार बरं होईल.